बोटाआधीचा सूर

१

नवा ॲम्प पुरा झाला की आर्डिथ मोझली त्याला लगेच गिटार जोडत नसे. आधी नुसती वीज द्यायची. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापून केशरी झाले की दोन्ही चॅनलचे, म्हणजे गिटार जोडायच्या दोन वाटांचे, आवाज एकेक करून शेवटपर्यंत वर न्यायचे आणि स्टुलावर बसून ऐकायचं. बापाने तिला तसंच शिकवलं होतं. ऐकताना खिडकीतला एसी बंद ठेवावा लागे, त्यामुळे मागच्या अंगणातल्या त्या पत्र्याच्या खोलीत थोड्याच वेळात घामाच्या धारा लागत. टेक्ससमधल्या ऑरेंज गावात तसाही ऑगस्ट महिन्यात वारा म्हणून नसतोच. असतो तो रिफायनरीचा वास आणि दलदलीतले डास.

हा ॲम्प तिने वसंतापासून जोडायला घेतला होता. हिरव्या रेक्झिनची पेटी, आत हाताने वाकवलेली पत्र्याची चासी, एकेक तार हाताने डाग देऊन बसवलेली. पहिलं चॅनल स्वच्छ, काचेच्या पेल्यावर चमचा वाजावा तसं. दुसरं भरड, घसा बसलेल्या गवयासारखं. गिऱ्हाईक मोठं होतं. रॉयस ट्राहान. टेक्सस-लुइझियानाच्या नाचघरांत जवळजवळ पन्नास वर्षं वाजवत आलेला माणूस. रविवारी तो स्वतः येऊन वाजवून बघणार होता.

शनिवारी सकाळी तिने पहिलं चॅनल ऐकलं. तापल्या तव्यावर लोण्याचा गोळा टाकल्यावर येतो तसला हलका सुसकारा, बाकी काही नाही. तिने मान हलवली आणि दुसऱ्याची आवाजाची खुंटी फिरवली.

इथेही सुसकारा. थोडा जाड. तो असणारच.

पण त्याच्या तळाशी काहीतरी ठोकत होतं. हळू, एका लयीत. फळ्यांच्या जमिनीवर कोणी बुटाची टाच आपटून ताल धरावा तसं.

आर्डिथने आवाज खाली केला. ठोके थांबले. वर केला. पुन्हा सुरू झाले, पण पहिल्यापासून नाही. मधूनच, जणू ते तोवर चालूच होते.

२

तिचा विश्वास मीटरवर होता. तेवीस-चोवीसची असताना तिने चर्चला जाणं सोडलं होतं आणि भुताखेतांच्या गोष्टी तिला लहानपणीही कंटाळवाण्या वाटत. ठोके येतात म्हणजे एखादा व्हॉल्व्ह सैल आहे. चिनी खाणावळीतून आणलेली लाकडी काडी घेऊन तिने एकेक व्हॉल्व्ह, एकेक सांधा टोचून पाहिला. सैल काही नव्हतं. दुसऱ्या चॅनलचा व्हॉल्व्ह बदलला. मग पहिल्याचा काढून दुसऱ्यात घातला. ठोके तसेच. फ्रीजची मोटर असेल म्हणून घरात जाऊन फ्रीज बंद केला, आत शेजारणीने दिलेली कोळंबी होती तरी. ठोके तसेच. रेडिओ स्टेशन पकडत असेल म्हणावं तर कुठलं स्टेशन नुसती टाच वाजवत बसेल?

मग तिने गिटार घेतली.

पहिल्या चॅनलमध्ये सगळं ठीक. दुसऱ्यात तिने जाड तार छेडली आणि तिच्या मानेवर काटा आला. का आला ते कळायला तिला तीन-चारदा छेडावं लागलं. सूर आधी येत होता. अगदी पुसटसा आधी. बोट तारेला लागायच्या आत.

‘‘कान गेले तुझे,’’ ती स्वतःलाच मोठ्याने म्हणाली. ‘‘साठी आली आर्डिथ.’’

खात्री करायची एक साधी रीत होती. तिने तार छेडायची प्लास्टिकची पट्टी तारेच्या वर धरली, मनगट खाली आणलं, आणि ऐन वेळी हात रोखला. पट्टी तारेपासून नखभर दूर.

सूर आला. भरघोस आला, आणि घरंगळत खालच्या सुरात उतरून पुन्हा वर गेला.

आर्डिथने गिटार मांडीवरून उचलून भिंतीशी ठेवली. मग उठून ॲम्प बंद केला, खिडकीतला एसी लावला आणि थंड हवेसमोर तोंड करून उभी राहिली. तार अशी घरंगळवून वर घ्यायची खोड तिने एकाच माणसात पाहिली होती. त्या माणसाच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं टोक लहानपणी भाताच्या मशीनमध्ये गेलं होतं. त्या बोटाने तार नीट दाबली जात नसे, म्हणून तो असा खालून घसरत सुरावर यायचा.

तो तिचा भाऊ. ओडेल बर्जरॉन.

ओडेल आणि रॉयस एकाच गल्लीतले. दोघांचा मिळून एक बँड होता आणि दोघांत मिळून एकच ॲम्प होता, आर्डिथच्या बापाने बनवलेला, दोन चॅनलचा. पहिल्यात रॉयस, दुसऱ्यात ओडेल. एका शनिवारी नदीकाठच्या नाचघरात ओडेल गाण्यासाठी माइकजवळ गेला, ओठ माइकला लागले आणि तो गिटार धरून तसाच ताठ झाला. लोकांना वाटलं, नाटक करतोय. टाळ्या पडल्या. मेन स्विच कोणीतरी खाली पाडेपर्यंत त्याची बोटं तारांवर आवळलेली होती.

ॲम्प परत आला तेव्हा त्याच्या प्लगची तिसरी पिन, अर्थिंगची, पक्कडीने तोडलेली होती. ती असती तर फ्यूज उडाला असता, बस, एवढंच झालं असतं. बाप शपथेवर सांगत राहिला की मी पिन तोडली नाही. रॉयस मात्र शेरीफला म्हणाला, म्हाताऱ्याने ॲम्प असाच दिला होता. लोकांनी रॉयसचं ऐकलं. तो छान बोलायचा. त्यानंतर बापाच्या दारात दुरुस्तीला साधा टोस्टरही आला नाही. दोन हिवाळे तो याच खोलीत हात मांडीवर ठेवून बसून राहिला आणि मग गेला.

तो प्लग आर्डिथने भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवला होता. आणि त्या जुन्या ॲम्पमधला ट्रान्सफॉर्मर, बापाने स्वतः तार गुंडाळून केलेला, वर्षानुवर्षं फडताळात पडून होता. रॉयसचा निरोप आला तेव्हा तिने तो बाहेर काढला, पुसला, मीटर लावून पाहिला आणि नव्या चासीत बसवला. असला हाताने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आता मिळत नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं.

३

दुपारी तिने ग्लेनला फोन लावला. ग्लेनचं ह्यूस्टनला वाद्यांचं दुकान होतं आणि रॉयसला त्यानेच तिचं नाव सुचवलं होतं.

‘‘ॲम्पमध्ये आवाज येतोय एक,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या जमेलसं वाटत नाही.’’

‘‘अगं बाई, असं नको करूस! कसला आवाज?’’

‘‘बारीकसा.’’

‘‘बारीकसा ना? त्याच्या कानात पन्नास वर्षं ढोल वाजलेत, त्याला काय कळणार बारीकसा! बायकोला घेऊन येतोय तो. आणि ऐक, त्याला अजून माहीत नाही हं तू कोण ते. नवऱ्याचं आडनाव लावतेस ना. सांगू का?’’

‘‘नको.’’

‘‘जुनं काही मनात ठेवू नकोस आर्डिथ. किती वर्षं झाली. त्या वेळी पोरंच होती सगळी.’’

‘‘ओडेलही पोरगाच होता,’’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुन्हा फोन उचलून ‘येऊ नका’ म्हणायला वेळ भरपूर होता. तिने कोळंबी सोलली, भात टाकला, जेवली, ताट धुतलं. मग मागच्या खोलीत गेली आणि ॲम्प लावला. गिटार जोडली नाही. दुसऱ्या चॅनलची खुंटी पूर्ण फिरवली.

टाच वाजत होती.

आपण हे करतोय याचं तिला हसू आलं. साठीला आलेली बाई, हातात सोल्डरची बंदूक, एका पेटीशी बोलते. तरी ती बोलली.

‘‘ओडेल?’’

टाच थांबली नाही.

‘‘रॉयस येतोय. उद्या जेवणानंतर.’’

टाच थांबली. सुसकाराही थांबला. हे होत नसतं. तापलेला व्हॉल्व्ह सुसकारतोच, जिवंत माणूस श्वास घेतो तसा. तिने कापडाच्या जाळीला कान लावला. व्हॉल्व्ह मागे केशरी जळत होते, कापडाला ऊब होती आणि आतून काहीच येत नव्हतं. दाराआड कोणी दम रोखून उभं असावं तसं ते गप्प होतं.

तिने ॲम्प बंद केला, दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली. कडी का लावली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

४

रॉयस ट्राहान आला तो हसतच. पांढरे केस मागे वळवलेले, इस्त्रीचा शर्ट, पायात मगरीच्या कातड्याचे बूट. मागून त्याची बायको जनेल, गोल चेहऱ्याची, हातात झाकलेला केक. दारात आर्डिथला पाहून त्याचं हसू क्षणभर जागच्या जागी राहिलं.

‘‘आर्डी? बर्जरॉनांची आर्डी? ग्लेनने मला मोझली म्हणून सांगितलं!’’

‘‘मोझलीच आहे. नवरा वारला, नाव राहिलं.’’

‘‘हात् तुझ्या!’’ त्याने तिला मिठीत घेतलं. त्याला पुदिन्याचा वास येत होता. ‘‘राणी, ही कोण माहितेय? मी तुला सांगायचो ना, माझा पहिला जोडीदार, ओडेल? त्याची धाकटी बहीण. आम्ही वाजवायचो तेव्हा ही टेबलाखाली झोपलेली असायची.’’

‘‘अगंबाई,’’ जनेल म्हणाली. ‘‘मिस आर्डिथ, फार वाईट झालं हो तुमच्या भावाचं. हे अजून आठवण काढतात.’’

‘‘काढतात का?’’ आर्डिथ म्हणाली. ‘‘बसा. थंड चहा आणते.’’

चहा घेताना रॉयसने ती सगळी गोष्ट सांगितली. आर्डिथने विचारलं नव्हतं. ओडेल कसा हसायचा, कसा वाजवायचा, त्या दिवशी कसा निळा शर्ट घालून आला होता. सांगताना त्याचे डोळेही भरले. ‘‘आणि मग ते झालं. आर्डी, तुझ्यासमोर बोलू नये, पण म्हातारा मुद्दाम का करणार? त्याच्या हातून राहून गेलं. माणूस म्हातारा होतो, पिन राहते. मी त्याला केव्हाच माफ केलं.’’

‘‘फार मोठं मन आहे यांचं,’’ जनेल म्हणाली.

आर्डिथने पेले उचलले. ग्लेनच्या फोननंतर, रात्री अंथरुणावर, सकाळी कॉफी गाळताना तिच्या मनात थोडी चलबिचल होती. ती त्या ‘माफ केलं’सरशी संपली.

‘‘चला,’’ ती म्हणाली. ‘‘ॲम्प तापायला वेळ लागतो.’’

५

खोलीत शिरताच रॉयसला खिळ्यावरचा प्लग दिसला. बसताना तो स्टूल जरा सरकवून प्लगकडे पाठ करून बसला. जनेल दाराशी खुर्ची घेऊन बसली, मासिकाने वारा घेत.

पहिल्या चॅनलमध्ये त्याने अर्धा तास वाजवलं असेल. वाईट माणसाने वाईट वाजवावं अशी आपली इच्छा असते, पण तसं नसतं. रॉयस अप्रतिम वाजवत होता. सूर खोलीभर उभे राहत होते आणि त्याचा चेहरा पोरासारखा उजळला होता.

‘‘आर्डी, देवाशप्पथ, असा ॲम्प मी आयुष्यात वाजवला नाही. तुझ्या बापाचा हात आहे गं यात.’’

‘‘आहे,’’ आर्डिथ म्हणाली. ‘‘आता दुसरं बघ.’’

त्याने स्वतःच गिटारची वायर एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली. ती हलली नाही. पुढे कितीदातरी तिने ते आठवून पाहिलं: वायर त्याने स्वतः घातली. तिने फक्त ‘बघ’ म्हटलं.

त्याने हात उचलला आणि सूर आला.

‘‘अरेच्चा! हा तर माझ्या आधी वाजतोय!’’ रॉयस हसला. पुन्हा हात उचलला, पुन्हा तसंच. ‘‘काय जादू केलीस? जनेल, बघ, बघ, मी नुसता विचार केला की...’’

तिसऱ्या वेळी त्याने हात उचललाच नाही. स्पीकरमधून एक ओळ आली. प्रत्येक सूर खालून घसरत वर येणारा. रॉयसचा डावा हात त्या ओळीमागे धावला, पाटीवरची अक्षरं पोर गिरवतं तसा. आणि त्याचा चेहरा पडला. ती ढब त्याने ओळखली होती.

‘‘आर्डी, बंद कर.’’

‘‘का? चांगलं वाजतंय की.’’

‘‘बंद कर म्हणतो ना! माझा हात... जनेल! माझा हात सुटत नाही!’’

जनेल किंचाळत उठली. त्याचा डावा हात गिटारच्या दांड्यावर आवळला गेला होता, तारा बोटांत रुतल्या होत्या. शॉक बसतोय, आर्डिथला पहिलं तेच वाटलं. बापाने घोकून घेतलेलं सगळं हातांना आपोआप आठवलं: त्याला हात लावायचा नाही, वीज तोडायची. तिने भिंतीतला प्लग उपटला. मग मीटर उचलून एक काटा तारेला आणि एक पाण्याच्या नळीला लावला. शून्य. तिने काटे झटकून पुन्हा लावले. शून्य. मागे व्हॉल्व्ह विझत चालले होते, केशरी, तांबूस, काळे.

आवाज चालू होता.

‘‘बंद कर, आर्डी, तुझ्या पाया पडतो!’’

‘‘बंदच आहे, रॉयस.’’ तिने प्लग त्याच्या डोळ्यांसमोर धरला. तिन्ही पिना चकाकत होत्या.

तेव्हाच तिला ते दिसलं. क्षणभरच, कारण खिडकीतून येणारं ऊन त्याच्या हातावर तिरपं पडलं होतं. रॉयसच्या बोटांवरची कातडी दबलेली होती. वरून. कोणीतरी आपली बोटं त्याच्या बोटांवर ठेवून दाबावीत तशा खळग्या, नखाएवढ्या, रक्त निघून पांढऱ्या पडलेल्या. खळग्या सरकत होत्या, सुरामागून सुरावर. आणि करंगळीशेजारची एक खळगी बाकीच्यांपेक्षा आखूड पडत होती.

तिने नजर काढून घेतली. परत पाहायचा तिला धीर झाला नाही.

‘‘पिन मी तोडली होती!’’ रॉयस ओरडला. ‘‘आर्डी, मी तोडली! ॲम्प गुणगुणत होता, सगळं गाणं नासत होतं, गाडीतून पक्कड आणली आणि... मला काय माहीत असं होईल? मग मी घाबरलो. म्हाताऱ्याचं नाव घेतलं. झालं? सांगितलं मी!’’

‘‘मला काय सांगतोस?’’ आर्डिथ म्हणाली. ‘‘त्याला सांग.’’

‘‘कोणाला?’’ जनेल रडत म्हणाली. ‘‘मिस आर्डिथ, कोणाला? काय बोलताहात तुम्ही दोघं?’’

तिचं रडणं ऐकून आर्डिथचा राग थोडा उतरला. इतकी वर्षं तिला हेच तर हवं होतं. एवढंच वाक्य, एका तिऱ्हाइताच्या कानांवर. ती ॲम्पसमोर गुडघ्यांवर बसली आणि जाळीच्या कापडावर हात ठेवला.

‘‘पुरे, ओडेल. तो बोलला. सोड त्याला.’’

आवाज थांबला. हात मात्र सुटला नाही. खोलीत नुसतं जनेलचं हुंदकणं आणि उन्हात तापून कडकड करणारा पत्रा. ॲम्प कालच्यासारखा गप्प झाला होता. तो आणखी कशाची तरी वाट पाहत होता.

‘‘अजून काय?’’ आर्डिथ हळूच म्हणाली. तिने ते ॲम्पला विचारलं होतं, पण उत्तर रॉयसने दिलं.

‘‘मला झिणझिण्या आल्या होत्या,’’ तो म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. ‘‘पिन तोडल्यावर पहिलं गाणं मी गायलो. ओठ माइकला लागले, तर डंख मारल्यासारखं झालं. दोनदा. मला कळलं काहीतरी बिघडलंय. गाणी तर व्हायला हवी होती, लोक नाचत होते.’’ तो थांबला. मग त्याचा हात एकदम आवळला गेला आणि तो कळवळला. ‘‘म्हणून मी ओडेलला म्हटलं, माझा घसा बसलाय, पुढचं तू गा.’’

जनेलचं रडणं थांबलं. ती नवऱ्याकडे बघत होती, जसं एखाद्या अनोळखी माणसाकडे आपण बसमध्ये बघतो.

आर्डिथ उठली. गुडघ्यांची धूळ झटकली. ‘पुरे’ हा शब्द तिला आणखी एकदा म्हणता आला असता. म्हटला असता तर कदाचित ऐकलाही गेला असता. ती दाराकडे गेली, जनेलच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘‘चला, आपण आतून डॉक्टरांना फोन करू.’’

त्या दोघी घराच्या पायऱ्या चढत होत्या तेव्हा मागे पुन्हा वाजायला लागलं.

६

ॲम्ब्युलन्सवाले आले तोवर गिटार जमिनीवर पडली होती आणि रॉयस शुद्धीवर होता. हाताला भाजल्याची खूण नाही, हृदय ठीक, मेंदूचे फोटो ठीक. फक्त हात थांबत नव्हता. डावी बोटं हवेत दाबत, सरकत, उघडत, मिटत राहायची. औषधाने तो झोपला तरी हात जागा. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं आणि असं कधीकधी होतं म्हणाले.

रॉयसने सगळ्यांना सांगितलं. आधी नर्सला, मग पाद्र्याला, मग शेरीफला बोलावून घेऊन. बातमी छापून आली. बाजारात लोक आर्डिथला थांबवून म्हणू लागले, तुझा बाप देवमाणूस होता, आम्हाला तेव्हाच वाटलं होतं. त्यांना तेव्हा काय वाटलं होतं ते तिला चांगलं ठाऊक होतं, पण ती मान हलवून पुढे जायची. बापाच्या थडग्यावर जाऊन तिने सगळं सांगितलं आणि तिथे बसून पोटभर रडली. त्या रात्री ती बऱ्याच वर्षांनी गाढ झोपली.

ॲम्पमधून आता काही येत नव्हतं. दोन्ही चॅनल साधी, सुसकारणारी. तिने हे नीट तपासून पाहिलं. जो कोणी तिथे होता तो आता तिथे नव्हता.

हिवाळा सुरू होताना जनेलचा फोन आला.

‘‘मी त्यांच्याकडे राहत नाही आता,’’ ती म्हणाली. ‘‘पण भेटायला जाते. ते सारखे तुम्हाला बोलवा म्हणतात. मिस आर्डिथ, तुमच्या जागी मी असते तर गेले नसते. तरी सांगते आपलं.’’

आर्डिथ गेली. रॉयसला ठेवलं होतं त्या ब्यूमाँटच्या शुश्रूषागृहात खोल्या उजळ होत्या, खिडकीबाहेर ओकची झाडं होती. रॉयस उशाला टेकून बसला होता. तो निम्मा झाला होता. पांढरे केस कोणीतरी बारीक कापले होते. डावा हात पांघरुणावर होता आणि वाजवत होता. बोटांची टोकं फुटून त्यांवर पट्ट्या बांधलेल्या होत्या. पट्ट्यांना रक्त लागलेलं होतं.

‘‘आलीस,’’ तो म्हणाला. ‘‘सगळं सांगितलं गं मी. काहीही ठेवलं नाही. तुला हवं होतं ते झालं ना?’’

‘‘झालं.’’

‘‘मग त्याला सांग ना. तुझं ऐकेल तो. झोप नाही मला आर्डी. हात कापा म्हटलं, तर डॉक्टर म्हणतात, चांगल्या हाताला सुरी लावता येत नाही.’’

आर्डिथने खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि त्याचा हात बघत बसली. लहानपणी टेबलाखाली झोपायच्या आधी ती भावाच्या बोटांकडे असंच बघत बसायची. आवाज न ऐकताही तिला गाणं कळायचं. आताही हळूहळू कळायला लागलं. ही चाल तिने कधी ऐकली नव्हती. रॉयसची तर नव्हतीच. एक ओळ जायची, मग बोटं थबकायची, तीच ओळ थोडी बदलून परत यायची, आवडली नाही की मोडून पुन्हा. कोणीतरी बसून, घाई न करता, नवं गाणं बांधत होतं.

तिचे डोळे भरून आले. रॉयसला वाटलं, आपल्यासाठीच.

‘‘सांगशील ना?’’ तो पुढे झुकून म्हणाला. ‘‘थांबेल ना तो?’’

आर्डिथने पांघरूण नीट केलं, त्या हाताला जागा मोकळी होईल असं.

‘‘ओडेल बावीस वर्षांचा होता, रॉयस,’’ ती म्हणाली. ‘‘त्याच्याकडे फार गाणी होती. हे अजून पहिलंच चाललंय.’’